मलिक अंबर : शत्रूला आणि शहरालाही पाणी पाजणारा वजीर

मध्ययुगातील मुस्लीम शास्त्रज्ञ म्हटले की आपल्याला बगदाद, बुखारा, कॉर्डोबा अशी दूरची नावे आठवतात. इब्न सिना, अल्-राझी, अल्-जझारी ही मंडळी पुस्तकांत भेटतात आणि पुस्तकांतच राहतात. पण त्या ज्ञानपरंपरेचा एक झरा आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातून अक्षरशः वाहिला आहे. तो वाहता करणाऱ्या माणसाची कारकीर्द आपल्या नगरमध्ये सुरू झाली आणि त्याची सर्वांत गाजलेली लढाईही नगर तालुक्यातच झाली. त्याचे नाव मलिक अंबर. शाळेच्या इतिहासात तो गनिमी काव्याच्या धड्यात येतो आणि जातो. आज त्याच्याकडे पाण्याच्या, म्हणजेच सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने पाहू.

मोखा ते अहमदनगर

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. घरचे नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापारात सापडला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली. पुढे एका डच व्यापाऱ्याने केलेल्या नोंदीनुसार त्याची किंमत पडली वीस डुकाट, म्हणजे वीस सोन्याची नाणी. हात बदलत बदलत तो बगदादच्या मीर कासिम नावाच्या माणसाकडे आला. पोराची चुणूक या मालकाच्या लक्षात आली. त्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब आणि कारभाराचे धडे दिले आणि अंबर हे नाव दिले.

बगदाद तेव्हा पूर्वीच्या वैभवाचे राहिलेले नव्हते, पण पाण्याच्या विद्येत या शहराचा वारसा मोठा होता. नवव्या शतकात बनू मूसा या तीन भावांनी तिथेच पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचे पुस्तक लिहिले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अल्-कराजी हा गणितज्ञ बगदाद सोडून इराणच्या डोंगराळ मुलखात परतला आणि त्याने जमिनीखालच्या लपलेल्या पाण्यावर एक ग्रंथ लिहिला. पाणी कुठे असेल याच्या खुणा, भुयाराचा उतार मोजण्याची साधने, भुयाराची डागडुजी आणि पाण्याच्या स्रोताभोवती राखायची मोकळी हद्द एवढे सगळे त्यात आहे. कोवळ्या वयाच्या अंबरने हे ग्रंथ पाहिले असे म्हणायला आधार नाही. परंतु ज्या जगात तो वाढला, तिथे डोंगराच्या पोटातून भुयाराने पाणी आणणे ही जुनी, रुळलेली विद्या होती.

बगदादहून त्याला दख्खनमध्ये आणले गेले. विकत घेणारा होता चंगीझखान, अहमदनगरच्या मुर्तझा निझामशहाचा पेशवा. हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एके काळी स्वतःही गुलामच होता. त्याच्या पदरी शेकडो हबशी तरुण होते. दरबार कसा चालतो, फौज कशी उभी राहते, रसद कशी पोचवायची हे अंबर इथे शिकला.

तेव्हाचे नगर

अंबरने पाहिलेले नगर कसे होते, हे थोडे समजून घेऊ. आपला भाग पर्जन्यछायेतला. मोठी नदी शहरालगत नाही, सीना आहे ती पावसाळ्यापुरती. तरीही निझामशाहीत या शहरात बागा, हमामखाने आणि कारंजी होती. कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांच्या शिवारातून जमिनीखालून आणलेल्या खापरी नळांनी शहराला पाणी मिळत असे. फराहबागेचा महाल पाण्याने भरलेल्या तलावाच्या मधोमध उभा होता. तो १५८३ मध्ये पुरा करणारा सलाबतखान पाणीयोजनांसाठी ओळखला जातो. आपण ज्याला चांदबिबी महाल म्हणतो, ती खरे तर याच सलाबतखानाची डोंगरावरची कबर.

वैद्यकातही हे शहर मागे नव्हते. बुऱ्हाण निझामशहाच्या दरबारात इराणी हकीम होते. रुस्तुम जुर्जानी या हकिमाने औषधींवरचा आपला ग्रंथ निझामशहाच्या नावाने लिहिला. त्याच शहाच्या औषधोपचारासाठी गोव्याहून गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य नगरला येत असे आणि इथल्या हकिमांशी इब्न सिनाच्या मतांवर वाद घालत असे. याच ओर्टाने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, युरोपीय वैद्याने केलेले पहिले तपशीलवार वर्णन आहे. थोडक्यात, दूषित पाण्याने माणूस काही तासांत कसा जातो हे त्या काळच्या दख्खनने पाहिले होते. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

गुलामाचा वजीर

१५७० च्या दशकात चंगीझखानाचा मृत्यू झाला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्यानंतर बरीच वर्षे तो गोवळकोंडा आणि विजापूरच्या दरबारांत नोकरी करत फिरला. मलिक हा किताब त्याला विजापुरात मिळाला. १५९५ च्या सुमारास, दीडशेच्या आसपास स्वार सोबत घेऊन तो नगरला परतला. तेव्हा मोगल फौजा किल्ल्याशी येऊन ठेपल्या होत्या. चांदबिबीने तो वेढा परतवला, पण १६०० मध्ये किल्ला पडला.

राजधानी गेली, राजा कैदेत गेला. पुष्कळांनी निझामशाही संपली असे धरले. अंबरने तसे धरले नाही. राजघराण्यातला एक वंशज शोधून त्याने परांड्याला गादीवर बसवला आणि स्वतः कारभार हाती घेतला. राजधानी परांड्याहून जुन्नरला, जुन्नरहून दौलताबादेला हलत गेली. मोठ्या मोगल फौजेशी समोरासमोर लढण्यापेक्षा तिची रसद तोडायची, तिला डोंगरदऱ्यांत ओढायचे, रात्री छापे घालायचे, ही पद्धत त्याने मराठा स्वारांच्या बळावर उभी केली. शहाजीराजे भोसले याच फौजेत लढले.

जमिनीच्या साऱ्याची त्याने लावलेली व्यवस्थाही गाजली. जमिनीची प्रत आणि पिकाचा अंदाज पाहून सारा ठरवायचा, मक्तेदारांच्या हातून वसुली काढून घ्यायची आणि ओसाड गावे पुन्हा वसवायची असा तिचा रोख होता. पुढच्या मराठी राज्यातल्या जमाबंदीवर या व्यवस्थेची छाप आहे.

जहांगीर बादशहाला हा माणूस इतका सलत होता की आपल्या आठवणींत त्याचे नाव तो शिवीशिवाय घेत नाही. अंबरचे शिर भाल्यावर रोवून बादशहा त्यावर बाण सोडत आहे असे एक चित्र त्याने १६१६ च्या सुमारास काढून घेतले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात असा बाण मारण्याची संधी त्याला कधीच मिळाली नाही.

खडकीचे पाणी

१६१० मध्ये अंबरने दौलताबादजवळच्या खडकी गावाच्या जागी नवे शहर वसवायला घेतले. हेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. भडकल दरवाजा हे त्याचेच बांधकाम. जागा व्यापाराच्या आणि संरक्षणाच्या दृष्टीने चांगली होती. अडचण एकच, पाण्याची. खाम नदीवर वाढत्या वस्तीची बारमाही तहान भागणार नव्हती. त्यातच १६१६ मध्ये शाहनवाजखानाच्या मोगल फौजेने अंबरचा पराभव केला, खडकीत घुसून घरेदारे जाळली आणि ती परत गेली.

जळालेले शहर पुन्हा उभे करताना अंबरने हाती घेतलेले काम म्हणजे नहर. तिचे वर्ष साधारण १६१७ धरले जाते आणि तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. पाणचक्कीला येणारी नहर वेगळी आणि नंतरची आहे. पर्यटक या दोन्हींत नेहमी गोंधळ करतात.

या नहरीचे तत्त्व सोपे आहे. शहराच्या उत्तरेला हर्सूल-जटवाड्याकडचे डोंगर आहेत. पावसाचे पाणी डोंगराच्या उतारावर मुरते, मुरुमातून आणि बसाल्ट खडकाच्या भेगांतून झिरपत खाली येते. आपण विहीर खणतो तेव्हा या भेगांना उभा छेद देतो. हाती लागल्या तेवढ्या भेगा, तेवढे पाणी. नहरीत मात्र जमिनीखालून आडवे भुयार नेले जाते. ते लांबवर भेगांना आडवा छेद देत जाते आणि प्रत्येक भेगेतून थोडे थोडे पाणी गोळा करत पुढे सरकते. मोट नको, पंप नको, इंधन नको. सगळे काम गुरुत्वाकर्षण करते.

कौशल्य आहे ते उतारात. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने धावते आणि भुयाराची जमीन खरवडते. कमी झाला तर गाळ बसतो आणि नहर तुंबते. एवढ्या लांबीत, जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात हा उतार नेमका राखायचा म्हणजे मोजणीची साधने आणि ती वापरणारे हात दोन्ही तयार हवेत. अल्-कराजीच्या ग्रंथात उताराच्या मोजणीला एवढी जागा का दिली आहे, ते इथे कळते.

भुयारावर ठरावीक अंतराने उभे झरोके ठेवलेले असतात. खोदताना त्यातूनच माती वर येते, हवा आत जाते आणि पुढे वर्षानुवर्षे त्यातूनच माणसे उतरून गाळ काढतात. वस्तीजवळ पाणी बंद नळांत शिरले की दाबाचा प्रश्न येतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो भरतो आणि मातीच्या नळांचे सांधे तो फार काळ सोसत नाहीत. म्हणून वाटेत मनोरे बांधले. पाणी मनोऱ्यात आपल्या पातळीपर्यंत चढते, दाब आणि अडकलेली हवा तिथे मोकळी होते आणि दुसऱ्या बाजूने पाणी पुढे उतरते. तिथून हौदांत आणि हौदांतून लोकांच्या घागरीत.

गंमत अशी की, त्याच सुमारास अंबरच्या शत्रूनेही हेच केले. बुऱ्हाणपूरला मोगलांचा सरदार अब्दुल रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या आसपास, सातपुड्याच्या पायथ्याहून अशाच भुयारी मार्गाने शहराला पाणी आणले गेले. खडकी जाळणारा शाहनवाजखान हा याच खानखानानचा मुलगा. रणांगणात एकमेकांचे वैरी, पण पाण्याच्या बाबतीत दोघांचा गुरू एकच. त्याआधी बहमनी काळात बीदरलाही अशी भुयारे खोदली गेली होती. इराणी विद्येने दख्खनच्या खडकाशी जुळवून घ्यायला दीड-दोनशे वर्षे घेतली होती, अंबरने तिचा मोठा उपयोग केला.

अंबर स्वतः ग्रंथकार नव्हता. त्याने शास्त्रावर एक ओळही लिहिलेली आपल्यापर्यंत आलेली नाही. भुयारात उतरलेल्या कारागिरांची, बेलदारांची, पाथरवटांची नावेही इतिहासाने ठेवलेली नाहीत. कोणती विद्या कुठे लागू पडेल हे ओळखणे, जाणकार माणसे जमवणे आणि युद्धाच्या खाईतही त्या कामाला पैसा कमी पडू न देणे हे त्याचे काम. आरोग्य खात्यात तीस वर्षे काढल्यावर या कामाची किंमत मला जास्त कळते. लस, औषध, शुद्ध पाणी यांचा शोध लावणारा एक असतो. तो शेवटच्या घरापर्यंत पोचवणाऱ्याचे नाव सहसा कुठे लिहिले जात नाही.

झाकलेल्या पाण्याचे आरोग्य

आता डॉक्टरच्या नजरेने या नहरीकडे पाहू. उघड्या नदी-ओढ्याचे पाणी चार वाटांनी बिघडते. काठावरचे शौच, पाण्यात उतरणारी जनावरे, धुणी-भांडी आणि पावसात वाहून येणारी घाण. भुयारातून आलेल्या पाण्यापर्यंत यांपैकी एकही वाट सहजी पोचत नाही. शिवाय खडक-मुरुमातून झिरपताना ते काही अंशी गाळले जाते. ऊन लागत नाही म्हणून शेवाळ धरत नाही आणि चैत्र-वैशाखात वाफ होऊन आटतही नाही. वाहते आणि झाकलेले असल्याने डासांची अंडीही त्यात टिकत नाहीत.

आणखी एका रोगाचे उदाहरण देतो. आजच्या तरुण डॉक्टरांना नारू फक्त पुस्तकात दिसतो. आमच्या पिढीच्या अभ्यासक्रमात तो जिवंत रोग होता. रुग्णाच्या पायाला फोड येतो. तो पाय बारवेच्या पायऱ्यांवर पाण्यात बुडाला की जंताची मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलजीव गिळतो आणि ते पाणी माणूस पितो. साधारण वर्षभराने हातभर लांबीचा जंत पायातून डोके बाहेर काढतो. इब्न सिनाने हजार वर्षांपूर्वी या रोगाचे वर्णन केले आहे. बाहेर आलेला जंत शिशाच्या तुकड्यावर हळूहळू गुंडाळत काढायची रीतही त्याने सांगितली आहे, आणि गुंडाळण्याची हीच पद्धत अगदी परवापर्यंत वापरात होती. पण नारू हटला तो औषधाने नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले, पाणी कापडातून गाळले जाऊ लागले आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जिथे माणसाचे पाय पाण्याला लागत नाहीत, तिथे नारूचे चक्र तुटते. हौदातून घागरीत पडणारे नहरीचे पाणी हे काम आपोआप करत होते.

इब्न सिनाने पाण्याची प्रतवारीही केली होती. स्वच्छ जमिनीवरून वाहणारा झरा चांगला, साचलेले पाणी वाईट, संशय असेल तर उकळून किंवा गाळून घ्यावे असे त्याचे सांगणे. जंतूंची कल्पना त्याला नव्हती, अंबरलाही नव्हती. लंडनमध्ये जॉन स्नोने पटकीचा संबंध पाण्याशी जोडला १८५४ मध्ये. रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू ओळखला १८८३-८४ मध्ये. कारण कळण्याच्या अडीचशे वर्षे आधी उपाय वापरात होता, असे वैद्यकात अनेकदा घडते.

पण म्हणून नहरीचे पाणी म्हणजे अमृत, असे मी म्हणणार नाही. भुयारातले पाणी भोवतालच्या जमिनीतून येते. जमिनीत घाण मुरली तर तीही सोबत येते. वर वस्ती वाढली, संडासांचे शोषखड्डे आले, गटारे फुटली की तेच पाझर शुद्ध पाण्याऐवजी मैला आत घेतात. झरोक्यात कचरा पडतो. खतांचे नायट्रेट खडकात गाळले जात नाही. म्हणजे नहर सुरक्षित होती ती भोवतालची जमीन स्वच्छ होती तोवर. पुढे शहराने नहरींवरच घरे बांधली, झरोके बुजवले आणि चारशे वर्षांची सोय बहुतांशी आपल्याच हाताने मोडली. नगरच्या खापरी नळांची गोष्टही फार वेगळी नाही.

भातोडीचे पाणी

पाण्यावरची ही पकड अंबरने एकदा शस्त्र म्हणूनही वापरली. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एकत्र येऊन त्याच्यावर चालून आले. अंबर पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होता आणि फौज शत्रूच्या मानाने लहान होती. नगरजवळच्या भातोडीला त्याने तळ ठोकला आणि तिथल्या तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेवर चिखल माजवला. जड तोफा, हत्ती, सामानाचे गाडे रुतले. दाणा-वैरण मिळेना, रात्री छापे पडू लागले, माणसे सोडून जाऊ लागली. अखेर दोन बलाढ्य सत्तांच्या एकत्रित फौजेचा तिथे पराभव झाला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. अंबरच्या बाजूने लढणारे शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. भातोडीच्या तलावाकाठी आज फिरणाऱ्याला या लढाईची खूणही जाणवत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, मे १६२६ मध्ये, सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. ज्याला बादशहाने आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याच्या मृत्यूनंतर जहांगीरच्याच दरबारी इतिहासकाराने, मोतमदखानाने, त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तोंड भरून तारीफ लिहून ठेवली. अंबरनंतर निझामशाही दहाच वर्षे टिकली, १६३६ मध्ये ती संपली. खडकीचे नाव त्याच्या मुलाने फतेहनगर केले, पुढे औरंगजेबाने औरंगाबाद केले. शहराचे मालक बदलले, नावे बदलली, नहर मात्र पाणी देत राहिली.

आपल्या हातात काय?

पावसाळ्याचे पहिले दोन आठवडे सरले की सरकारी रुग्णालयातल्या आमच्या वॉर्डांचे चित्र ठरलेले असते. आधी जुलाब-उलट्यांचे रुग्ण, मग विषमज्वर, मग कावीळ. पटकीच्या तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला अर्धा ते एक लिटर पाणी जाऊ शकते. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ई प्रकारची कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. एखाद्या गावातून एकदम वीस-तीस रुग्ण आले आणि चौकशीला माणूस पाठवला, की बहुतेक वेळा उत्तर एकच निघते. नळाची वाहिनी गटारातून गेलेली असते आणि तिचा सांधा किंवा व्हॉल्व्ह गळका असतो. पाणी दिवसाआड येते. नळ बंद असतो तेव्हा वाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. चोवीस तास दाबाखाली असलेल्या वाहिनीत हा धोका खूपच कमी असतो.

यावर उपाय महाग नाहीत. टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर ताजी असावी. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, उघड्या पोत्यात ओलीला ठेवली तर ते झपाट्याने उतरते आणि मग आपण पाण्यात नुसता चुना टाकत बसतो. पावडर मिसळल्यावर अर्धा तास तरी थांबावे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. ग्रामपंचायतीकडे त्याची साधी तपासणी होते, ती रोज होते का हे गावाने विचारावे. घरी शंका वाटली तर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवून, झाकून गार करावे. ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये. जुलाब सुरू झाले तर पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस द्यावे, सलाईनची वाट पाहू नये. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा मूल निपचित पडले तर मात्र एक मिनिट न दवडता रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट स्रोताची. अल्-कराजीच्या ग्रंथात पाण्याच्या स्रोताभोवती राखीव हद्द ठेवण्याचा विचार आहे. तिथे दुसऱ्याने खोदायचे नाही. आपल्याकडे १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणायला मनाई केली. हजार वर्षांच्या अंतराने नियम तोच. आपल्या गावाच्या सार्वजनिक विहिरीभोवती तो पाळला जातो का, हे प्रत्येकाने मोजून पाहावे. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून आणि बोअरवेलला आवर घालून काय साधले, ते आपल्याच जिल्ह्यात, नगरच्या दाराशी पाहायला मिळते.

मलिक अंबरकडे सिमेंट नव्हते, वीज नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. जळालेले शहर होते आणि दारात शत्रू होता. तरी त्याने पाणी पुढे ढकलले नाही. आपल्याकडे यातले सगळे आहे, आणि पुढचा पावसाळाही ठरल्या वेळी येणार आहे. तो येण्याआधी आपल्या गल्लीतला गळका व्हॉल्व्ह आणि गावातली पाण्याची टाकी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या.